यंत्र तिकडे, स्क्रीन इकडे

१९६७च्या जानेवारीत अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात, टेक्नॉलॉजी स्क्वेअरमधल्या ५४५ क्रमांकाच्या इमारतीत, आयबीएमच्या एका लहानशा केंद्रात ‘सीपी-४०’ नावाची प्रणाली रोजच्या कामाला लागली. सिस्टिम/३६० मॉडेल ४० या एकाच संगणकाचे ती चौदापर्यंत संगणक करून दाखवत असे. प्रत्येकाला स्वतःची मेमरी, स्वतःचा कार्ड-रीडर, स्वतःचा प्रिंटर. त्यावर बसलेल्या माणसाला अख्खं यंत्र आपल्या एकट्याचंच आहे असं वाटावं, असा सगळा बंदोबस्त. आज कंपन्यांमध्ये ज्याला सगळे नुसतं ‘व्हीएम’ म्हणतात, त्या आभासी मशीनचं मूळ इथं आहे.

या मशिनांना स्क्रीन मात्र नव्हती.

समोर असायचं ते टाइपरायटरसारखं टर्मिनल. सीपी-४०ची पुढची आवृत्ती सीपी-६७ हिच्या काळात आयबीएमचं २७४१ हे टर्मिनल सर्रास वापरलं जाई. माणसानं कळा दाबायच्या, गोल छापमुंडी कागदावर ती ओळ उमटवायची आणि दूर कुठंतरी ठेवलेलं यंत्र उत्तरही त्याच कागदावर टंकायचं. मशीनच्या लेखी तो कागद म्हणजे ऑपरेटरचा कन्सोल. त्या काळात आभासी यंत्रानं आपल्या माणसाला ‘दाखवायचं’ ते इतकंच.

ही गोष्ट मुद्दाम आधी सांगायची, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातून उलगडतो. प्रोसेसर आणि मेमरी अनेकांत वाटून देण्याचा प्रश्न १९६७मध्ये सुटला. दूरच्या यंत्राचं काम माणसाच्या टेबलावरच्या दोन-तीन मॉनिटरवर नीट मांडून देण्याचा प्रश्न सर्वसामान्य कार्यालयांसाठी सुटायला २००९ उजाडलं. मधल्या बेचाळीस वर्षांत कित्येक बुद्धिमान माणसांनी या दोन्ही बाजूंवर काम केलं, पण स्क्रीन हा यंत्राचा शेपटासारखा भाग मानला गेला. माणूस मात्र दिवसभर त्याच भागाकडे बघत बसतो.

केंब्रिजच्या त्या केंद्राची कथा आयबीएमच्या एका दुखऱ्या पराभवाशी जोडलेली आहे. नॉर्मन रासमुसेन यांनी १९६४मध्ये हे केंद्र उभं केलं, ते एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकच्याच इमारतीत. फर्नांडो कॉर्बातो यांची सीटीएसएस ही एका संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी प्रणाली १९६१पासून आयबीएमच्याच यंत्रांवर चालत होती. तरी पुढच्या मल्टिक्स प्रकल्पासाठी एमआयटीनं जनरल इलेक्ट्रिकचं यंत्र निवडलं. हा घाव आयबीएमला खोल लागला. सीटीएसएसवर काम केलेले रॉबर्ट क्रीसी आणि त्यांचे सहकारी लेस कोमो यांनी त्यानंतर जी वाट काढली ती आजही वापरात आहे. त्यांनी कामाचे दोन थर केले. खालच्या थरानं, म्हणजे सीपीनं, फक्त यंत्र वाटायचं. वरच्या थरानं, म्हणजे सीएमएसनं, एकाच माणसाशी बोलायचं, जणू दुसरं कुणी नाहीच.

मोठ्या आयबीएमची अधिकृत प्रणाली टीएसएस/३६० अडखळत राहिली आणि केंब्रिजचं हे बाजूला पडलेलं काम लोकांनी उचललं. नॅशनल सीएसएस आणि इंटरॅक्टिव्ह डेटा कॉर्पोरेशन या कंपन्यांनी सीपी-६७वर संगणकाचा वेळ विकण्याचा धंदा उभा केला. २ ऑगस्ट १९७२ला आयबीएमनं व्हीएम/३७० जाहीर केलं, आणि आभासी मशीन हे अधिकृत उत्पादन झालं.

दोनच वर्षांनी, १९७४मध्ये, जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांचा निबंध आला. एखाद्या प्रोसेसरवर खरीखुरी आभासी मशिनं बांधता येतील की नाही, याची गणिती अट त्यात मांडली आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी तो आजही वाचतात. पण त्यातली एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. आपलं गणित सुटसुटीत राहावं म्हणून लेखकांनी आपल्या नमुना-यंत्रातून बाहेरची उपकरणं आणि त्यांच्या आज्ञा वगळल्या. सिद्धतेच्या दृष्टीनं ते अगदी योग्य होतं. तरी या विषयाच्या पायाभूत निबंधात कीबोर्ड नाही, प्रिंटर नाही, स्क्रीन तर नाहीच. पुढच्या कित्येक वर्षांच्या प्राधान्यक्रमाचं ते स्पष्ट चित्र आहे.

दूरच्या स्क्रीनची वाट तोपर्यंत वेगळ्याच दिशेनं निघाली होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका संगणक परिषदेत डग्लस एंगलबार्ट यांनी नव्वद मिनिटांचं प्रात्यक्षिक दिलं. माउस जगासमोर पहिल्यांदा आला तो तिथं, म्हणून ते गाजलं. पण त्या दिवशी एंगलबार्ट यांच्या हाताखालचा संगणक सभागृहात नव्हता. तो सुमारे पन्नास किलोमीटरवर मेन्लो पार्कला होता. तिथल्या संगणक-खोलीत छोट्या छोट्या चित्रनळ्या होत्या, त्यांच्यावर टीव्ही कॅमेरे रोखलेले होते, आणि कॅमेऱ्यात दिसणारं चित्र मायक्रोवेव्ह दुव्यानं सभागृहात येत होतं. माउसच्या हालचाली उलट दिशेनं टेलिफोनच्या तारेवरून जात होत्या. बिल इंग्लिश यांनी ही सगळी जुळणी केली होती. आजच्या रिमोट डेस्कटॉपचा मूळ व्यवहार त्यात पुरता आला आहे: चित्र इकडे यायचं, हाताची हालचाल तिकडे जायची.

एमआयटीमध्ये १९८४मध्ये बॉब शाइफ्लर यांनी एक्स विंडो प्रणाली सुरू केली, आणि १९८७मध्ये तिची एक्स११ ही आवृत्ती आली. प्रोग्राम एका संगणकावर चालायचा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच संगणकावर उघडायची, ही सोय तिच्या रचनेतच होती. एका टेबलावर दोन स्क्रीन असू शकतात हेही तिला ठाऊक होतं. पण त्या दोन स्क्रीन एकमेकींना अनोळखी. पहिल्या स्क्रीनवर उघडलेली खिडकी तिथंच राहायची, माउसनं ओढून शेजारच्या स्क्रीनवर नेता यायची नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या अभियंत्यांनी त्यावर काम केलं, आणि ‘झिनेरामा’ या नावानं ती भिंत पडली. २०००मध्ये एक्सफ्री८६ ४.०बरोबर ही सोय लिनक्सवाल्यांच्या हाती आली.

इंग्लंडमधल्या दुसऱ्या केंब्रिजमध्ये, ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत, अँडी हॉपर यांच्या मंडळींनी याहून धीट प्रयोग केला. कर्मचाऱ्यांच्या छातीवर इन्फ्रारेड बिल्ला असायचा. माणूस कुठल्या खोलीत आहे हे बिल्ल्यावरून कळायचं, आणि त्याचं चालू काम त्या खोलीतल्या संगणकावर बोलावता यायचं. या कामाचा निबंध १९९४मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच प्रयोगशाळेतून १९९८मध्ये दूरच्या संगणकाची स्क्रीन दाखवणारं व्हीएनसी बाहेर पडलं, तेही सर्वांना मोफत आणि मूळ प्रोग्रामसह. व्हीएनसीचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: अमुक जागी, अमुक मापाचा, या रंगांचा चौकोन ठेव. या साधेपणामुळं ते प्रत्येक प्रकारच्या यंत्रावर पोचलं. त्याच साधेपणामुळं पलीकडची स्क्रीन म्हणजे एकच मोठा आयत, असा समजही त्यात पक्का झाला. टेबलावर मॉनिटर किती आहेत, कोण कुणाच्या डावीकडे मांडला आहे, हे सांगायला मूळ संवादात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये, जागाच नव्हती. ती पुढं जोडणीतून आली.

विंडोजच्या जगात हे काम फ्लोरिडातल्या सिट्रिक्सनं केलं. आयबीएम सोडून आलेले एड आयकोबूची यांनी १९८९मध्ये ही कंपनी काढली. १९९५चं तिचं विनफ्रेम म्हणजे विंडोज एनटी ३.५१ अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी आवृत्ती. मायक्रोसॉफ्टनं १९९७मध्ये सिट्रिक्सचं हे तंत्र परवान्यानं घेतलं आणि १९९८मध्ये विंडोज एनटी ४.०ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली. तिच्याबरोबर आरडीपी हा रिमोट डेस्कटॉपचा संवाद आला, २५६ रंगांचा. २००१च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलमध्ये तो टेबलावरच्या साध्या संगणकांत पोचला. ऑफिसचा संगणक घरून उघडता येणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती, आणि एका स्क्रीनबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती टेबलावरचे मॉनिटर वाढल्यावर.

एका संगणकाला दोन मॉनिटर ही कल्पना तशी जुनी आहे. १९८१च्या आयबीएम पीसीत काळ्या-हिरव्या मजकुराचं कार्ड आणि रंगीत चित्राचं कार्ड मेमरीतल्या वेगवेगळ्या पत्त्यांवर बसत, त्यामुळं दोन्ही एकाच वेळी लावता येत. लोटस १-२-३ वापरणारे हिशेबनीस एका मॉनिटरवर आकड्यांचा तक्ता आणि दुसऱ्यावर आलेख ठेवत. ऑटोकॅडवाले एकीकडे आज्ञा आणि दुसरीकडे नकाशा ठेवत. १९८७च्या मॅकिंटॉश टूमध्ये अनेक मॉनिटर मिळून एकच सलग डेस्कटॉप होई. विंडोज ९८ नऊ मॉनिटरपर्यंत चालवी. १९९९मध्ये मॅट्रॉक्सनं जी४०० या एकाच कार्डावर दोन मॉनिटरची जोडणी दिली, आणि दोन स्क्रीन लावणं ही फक्त शेअर दलालांची किंवा रेखाचित्रकारांची गोष्ट राहिली नाही. मॉनिटर स्वस्त आणि चपटे झाले तसे ते साध्या कारकुनी टेबलावरही दोन-दोन दिसू लागले.

त्याच वर्षी, १९९९मध्ये, आभासी मशीनही मोठ्या संगणकातून पीसीवर उतरलं. इंटेलच्या एक्स८६ प्रोसेसरवर हे होणं अवघड मानलं जाई, कारण पोपेक-गोल्डबर्ग यांची अट तो पाळत नव्हता. त्यातल्या काही आज्ञा अशा की पाहुण्या, म्हणजे आभासी मशीनच्या आत चालणाऱ्या, प्रणालीनं त्या चालवल्या तरी खालच्या थराला पत्ताच लागू नये. पुढं २०००मध्ये झालेल्या एका अभ्यासात पेंटियममधल्या अशा सतरा आज्ञा मोजल्या गेल्या. स्टॅनफर्डमध्ये डिस्को नावाचा प्रकल्प केलेले मेंडेल रोझेनब्लम, एडवार्ड ब्युनियों आणि स्कॉट डिव्हाइन यांनी डायान ग्रीन आणि एलेन वांग यांच्यासह १९९८मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी काढली. धोक्याच्या आज्ञा चालता चालताच बदलून टाकायच्या, असा मार्ग त्यांनी १९९९च्या आपल्या प्रोग्रामात घेतला आणि तो यशस्वी झाला.

या कामाचं कौतुक होतं ते प्रोसेसरमुळं. पण त्याच प्रोग्रामात त्यांनी आणखी एक नाजूक गोष्ट केली: जगात कुठंही विकत मिळत नाही असं एक ग्राफिक्स कार्ड. खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल करणं फार संथ पडलं असतं. म्हणून त्यांनी स्वतःच एक काल्पनिक कार्ड आखलं आणि त्याचा ड्रायव्हर पाहुण्या प्रणालीत बसवायला दिला. तो ड्रायव्हर बसवला की पाहुणी प्रणाली खिडकीच्या मापाप्रमाणे आपली स्क्रीन लहानमोठी करू शके. हा सौदा आजही बहुतेक आभासी मशिनांमध्ये आहे. व्हीएमवेअर टूल्स असो, व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट अ‍ॅडिशन्स असोत किंवा स्पाइसचा एजंट असो, आत आपला माणूस बसवल्याशिवाय बाहेरच्या टेबलाची खबर आत जात नाही. नवीन व्हीएम उभं केल्यावर स्क्रीन चिमुकली दिसते आणि काही केल्या मोठी होत नाही, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आता आभासी मशीन आणि दूरची स्क्रीन या दोन वाटा एकत्र आल्या. २००० ते २०१०च्या मधल्या वर्षांत कंपन्यांनी कर्मचाऱ्यांचे डेस्कटॉप उचलून सर्व्हरवरच्या आभासी मशिनांत ठेवायला सुरुवात केली. माणसाच्या टेबलावर राहिले ते कीबोर्ड, माउस, एक छोटा डबा आणि मॉनिटर. आणि मॉनिटर तर दोन होते.

विंडोज व्हिस्टाबरोबर २००६च्या अखेरीस आलेल्या आरडीपी ६.०नं यावर ‘स्पॅन’ नावाचा तोडगा काढला. त्यासाठी दोन्ही मॉनिटर सारख्याच मापाचे हवेत. ते शेजारी-शेजारी हवेत, वर-खाली चालणार नाहीत. सगळे मिळून ४०९६ गुणिले २०४८ ठिपक्यांच्या आत बसले पाहिजेत. एवढं जमवल्यावरही दूरच्या यंत्राला दोन मॉनिटर आहेत हे कळायचंच नाही. त्याच्या दृष्टीनं तो एक लांबलचक मॉनिटर. खिडकी मोठी केली की ती दोन्ही काचांवर पसरायची. खालचा टास्कबार या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. आणि ‘सेव्ह करायचं का?’ विचारणारी चौकट स्क्रीनच्या बरोबर मध्यावर, म्हणजे नेमकी दोन मॉनिटरच्या कडा जिथं भेटतात तिथं उमटायची. अर्धा प्रश्न डावीकडे, अर्धा उजवीकडे. दिवसातून पन्नास वेळा हे पाहणाऱ्या माणसाला हा तोडगा अपुरा वाटला तर त्यात नवल नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सनं उलट बाजूनं विचार केला होता. १९९९पासून विकल्या गेलेल्या सन रे या पातळ टर्मिनलमध्ये स्वतःचं असं काहीच चालत नसे. कार्ड खोचलं की तुमचं चालू काम समोर, कार्ड काढून दुसऱ्या खोलीत खोचलं की तेच काम तिथं. दोन-चार मॉनिटर हवे असतील तर प्रत्येक मॉनिटरला एक स्वतंत्र सन रे लावायचा आणि सर्व्हरवर त्यांचा गट बांधायचा. एकाच्या कीबोर्ड-माउसवर सगळे चालत, आणि झिनेरामा चालू केला की खिडक्या एका डब्यावरून दुसऱ्या डब्यावर सरकत. कल्पना देखणी, पण प्रत्येक काचेमागं एक यंत्र विकत घ्यावं लागे.

खरा बदल २००९च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ७ आणि आरडीपी ७.० घेऊन आला. वरकरणी तो एका चौकटीएवढा होता: ‘माझे सगळे मॉनिटर वापरा’ असा एक टिकमार्क. त्यामागचा संदेश पाहिला की कामाची खोली कळते. जोडणी सुरू होतानाच टेबलावरचा संगणक दूरच्या यंत्राला एक यादी धाडतो. मॉनिटर किती, हे आधी, जास्तीत जास्त सोळा. मग प्रत्येकाचे चार आकडे: डावी कड, वरची कड, उजवी कड, खालची कड. यांतला एक मॉनिटर मुख्य, आणि त्याचा वरचा डावा कोपरा म्हणजे शून्य-शून्य. त्यामुळं मुख्य मॉनिटरच्या डावीकडे दुसरा ठेवला असेल तर त्याचे आकडे ऋण येतात. मॉनिटर लहान-मोठे असोत, एक उभा फिरवलेला असो, एक दुसऱ्याच्या वर टांगलेला असो, चार आकड्यांत ते सगळं मावतं. आरडीपीवरून दूरच्या यंत्राला पहिल्यांदाच माणसाच्या टेबलाचा नकाशा मिळाला. प्रश्नाची चौकट एका काचेवर आली, खिडकी एका मॉनिटरभर मोठी होऊ लागली.

एवढी सोय आली तरी ती सर्वांना नव्हती. पलीकडचं यंत्र विंडोज ७ अल्टिमेट किंवा एंटरप्राइज असेल, नाहीतर सर्व्हर २००८ आर२ असेल, तरच सगळे मॉनिटर मिळत. प्रोफेशनल आवृत्तीवर बसलेल्यांना एकच. त्या काळात कितीतरी ऑफिसांत तासन्तास डोकं खाजवल्यावर हे कारण सापडलं असेल.

पण यादी पाठवून भागत नाही, यादी पाळायला मेमरी लागते. इथं जरा जवळून आकडे मांडून पाहावेत. १९२० गुणिले १०८०चा एक मॉनिटर, प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट, म्हणजे ८२,९४,४०० बाइट. असे दोन मॉनिटर म्हणजे १,६५,८८,८०० बाइट. आभासी ग्राफिक्स कार्डाला चित्रासाठी ठरावीक मेमरी दिलेली असते. आभासी मशिनं चालवणाऱ्या क्यूएमू या प्रणालीतल्या क्यूएक्सएल कार्डाला आपण काही न सांगता मिळणारा आकडा १६ मेगाबाइट, म्हणजे १,६७,७७,२१६ बाइट. दोन मॉनिटर त्यात बसतात, पण जेमतेम. आता तेच दोन मॉनिटर १९२० गुणिले १२००चे घ्या, उंचीला फक्त १२० ओळी जास्त. गरज १,८४,३२,००० बाइटवर जाते आणि दुसरा मॉनिटर काळा राहतो, नाहीतर कमी मापावर घसरतो. वापरणाऱ्याला वाटतं केबल सैल आहे. केबल ठीकच असते, चुकलेला असतो तो सर्व्हरवरच्या एका फाइलमधला आकडा. जुळणी करणाऱ्या अनुभवी माणसांनी म्हणूनच हा गुणाकार आधी करण्याची सवय लावून घेतली.

क्यूएक्सएल हे कार्ड आणि स्पाइस हा संवाद इस्रायलच्या कुमरानेट कंपनीचा. लिनक्सवर आभासी मशिनं चालवणारं केव्हीएमही तिथंच, अवी किविटी यांच्या हातून जन्मलं आणि २००७च्या फेब्रुवारीत लिनक्सच्या गाभ्यात आलं. कंपनीचा हेतू पहिल्यापासून आभासी डेस्कटॉपचा होता, केव्हीएम ही त्यासाठी लागलेली पायरी. रेड हॅटनं सप्टेंबर २००८मध्ये कुमरानेट १० कोटी ७० लाख डॉलरला घेतली आणि डिसेंबर २००९मध्ये स्पाइस सर्वांसाठी खुलं केलं. स्पाइसमध्ये अनेक मॉनिटरची सोय होती, तिची मांडणी मात्र पाहुण्या प्रणालीप्रमाणे बदले. पाहुणी विंडोज असेल तर प्रत्येक मॉनिटरसाठी एक वेगळं क्यूएक्सएल कार्ड जोडायचं. लिनक्स असेल तर एकच कार्ड पुरे, त्यालाच अनेक तोंडं. एकाच सर्व्हरवर दोन्ही तऱ्हेची मशिनं सांभाळणाऱ्याला हा फरक मनात ठेवावाच लागे. जगभर आज केव्हीएमवर असंख्य सर्व्हर चालतात. ज्या स्क्रीनसाठी हा खटाटोप झाला त्या स्पाइसला मात्र रेड हॅटनं आपल्या एंटरप्राइज लिनक्सच्या नवव्या आवृत्तीतून, २०२२मध्ये, काढून टाकलं. खुलं, विचारपूर्वक बांधलेलं काम असं बाजूला पडावं याची हळहळ वाटते.

आभासी मशिनं चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीची कथा आणखी शिकवणारी आहे. त्याच्या साध्या जोडणीत व्हीएमला एकच मॉनिटर मिळतो. २०१३मध्ये, विंडोज ८.१ आणि सर्व्हर २०१२ आर२च्या वेळी, ‘एन्हान्स्ड सेशन’ आलं. त्यात आरडीपीच वापरला जातो, पण नेटवर्कवरून नव्हे तर यंत्राच्या आतल्या व्हीएमबस या मार्गानं. म्हणजे व्हीएम तुमच्याच टेबलाखालच्या डब्यात चालत असलं तरी त्याचे अनेक मॉनिटर हवेत तर त्याच्याशी दूरस्थ यंत्र समजून बोलायचं.

त्याआधी, २०११मध्ये, मायक्रोसॉफ्टच्याच रिमोटएफएक्स या सोयीनं खऱ्या ग्राफिक्स कार्डाची ताकद अनेक व्हीएमना वाटून द्यायला सुरुवात केली होती. त्यात मॉनिटर किती आणि त्यांचं कमाल माप काय, हे मशीन बांधतानाच ठरवावं लागे. जुलै २०२०मध्ये सुरक्षेतल्या त्रुटींमुळं मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं आणि एप्रिल २०२१मध्ये काढूनच टाकलं. ज्यांची रचना त्यावर उभी होती त्यांना सगळं नव्यानं बांधावं लागलं. एनव्हिडियानं ग्रिड या नावानं हेच वाटप आपल्या कार्डातच आणलं. तिथंही व्हीएमला कुठल्या आकाराचा वाटा देता यावर मॉनिटरची संख्या ठरते.

मॉनिटर वाढले की तारही भरते. एका एचडी मॉनिटरचं चित्र सेकंदाला साठ वेळा जसंच्या तसं धाडायचं तर सेकंदाला जवळपास ४०० कोटी बिट लागतात. बहुतेक ऑफिसांचं इंटरनेट हे पेलणार नाही. म्हणून बदललं तेवढंच पाठवणं, अक्षरं एका पद्धतीनं आणि फोटो दुसऱ्या पद्धतीनं आवळणं, या कलेवर सगळा भर. कॅनडातल्या टेराडिचीनं पीसीओआयपी हा संवाद याच कामासाठी आखला. आधी त्याची स्वतंत्र कार्डं निघाली, मग २००९मध्ये व्हीएमवेअरच्या व्ह्यू ४मध्ये तो आला. चित्र आधी अंधूक येतं आणि क्षणभरात रेखीव होतं, हा त्याचा ओळखीचा स्वभाव. हात थांबू नये म्हणून डोळ्यानं जरा थांबायचं, असा विचार त्यामागं आहे.

२०१३च्या आरडीपी ८.१नं आणखी दोन गोष्टी जोडल्या. चालू सेशनमध्ये मॉनिटर जोडला किंवा काढला तरी नवा नकाशा दूरच्या यंत्राला जातो, बाहेर पडून पुन्हा शिरावं लागत नाही. आणि यादीत मॉनिटरची खरी लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये जाऊ लागली, अक्षरं किती पट मोठी हवीत हेही. ४के मॉनिटरवर अक्षरं मुंगीएवढी दिसण्याचा त्रास त्यानं पुष्कळ कमी झाला.

या सगळ्याची महाराष्ट्रातल्या घराघरांत कसोटी लागली ती मार्च २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत. भारतात कॉल सेंटर आणि बीपीओंना घरून काम करू देण्यावर दूरसंचार विभागाच्या कडक अटी होत्या. सुरक्षा ठेव भरावी लागे, ठरावीक प्रकारचं व्हीपीएन वापरावं लागे. १३ मार्चला विभागानं या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या, आणि ५ नोव्हेंबर २०२०ला नवी सुटसुटीत नियमावलीच आणली. मधल्या काळात हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली इथल्या कंपन्यांतून लोक जमेल तसं सामान घरी घेऊन गेले. कुणाला लॅपटॉप मिळाला, कुणाकडे ऑफिसचा डेस्कटॉपच टेम्पोतून आला.

ऑफिसात प्रत्येक टेबलावर एकाच मापाचे दोन मॉनिटर होते. घरात तसं कुठून असणार? चौदा इंची लॅपटॉप, शेजारी मुलाचा जुना मॉनिटर, कुणाकडे एचडीएमआयनं जोडलेला हॉलमधला टीव्ही. तीन स्क्रीन, तिन्हींची मापं वेगळी, उंची वेगळी. २००६चा ‘स्पॅन’ या टेबलावर उभाच राहू शकला नसता. चार-चार आकड्यांच्या त्या यादीमुळं ते जमलं. मदतीला बसलेल्या आयटी सपोर्टच्या मुलामुलींनी त्या महिन्यांत फोनवरून जे प्रश्न सोडवले त्यांतले बरेच या इतिहासातल्या जुन्याच खोड्या होत्या: आतला ड्रायव्हर बसवलेला नाही, चित्राची मेमरी कमी पडते, टिकमार्क राहून गेला.

एक मागणी मात्र नवी होती. टीव्हीवर घरच्यांना बातम्या बघायच्या आहेत, तेव्हा तीनपैकी दोनच स्क्रीन ऑफिसच्या मशीनला द्यायच्या. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉपच्या चौकटीत असा पर्याय दिसत नाही. त्यासाठी जोडणीची आरडीपी फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘सिलेक्टेडमॉनिटर्स’ या ओळीत हव्या त्या मॉनिटरचे क्रमांक लिहावे लागतात. क्रमांक कळण्यासाठी एमएसटीएससी हा प्रोग्राम ‘एल’ या जोडआज्ञेसह चालवायचा, की मॉनिटरची यादी येते. लॅपटॉप डॉकमधून काढून पुन्हा बसवला की हे क्रमांक बदललेले असू शकतात. मग यादी पुन्हा काढायची आणि ओळ पुन्हा लिहायची.